आशाताईंची पिशवी: वेल्क्रो, चेन, टिचबटण की बक्कल?

आरेखक
नमस्कार मंडळी. पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनची छोटी-मोठी कामं करतो. सध्या जव्हार-मोखाडा भागात फिरणाऱ्या आशाताईंसाठी एका संस्थेला पिशवी करून हवी आहे. पिशवीत बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा, डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, लहान घोंगडी, गोळ्यांची पाकिटं आणि दोन-तीन नोंदवह्या असतात. शिवाय संस्थेने बनवलेलं एक मोजमापाचं यंत्र प्लास्टिकच्या डबीत असतं. सगळं मिळून चार-पाच किलो होतं. चालणं बरंच, पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

बंद करायच्या जागा चार आहेत. पिशवीचं मुख्य तोंड, पुढचा कप्पा (हा सगळ्यात जास्त उघडतो, थर्मामीटर यातच असतो), यंत्राची डबी पिशवीत धरून ठेवणारी सोय (पिशवी धुताना डबी बाहेर काढावी लागते) आणि त्या डबीचं सेल बदलायचं झाकण.

आधीच्या पुरवठादाराने चारही ठिकाणी वेल्क्रो लावला होता. एका पावसाळ्यात त्याचं पार बोळकं झालं. तरी मलाही एकच प्रकार सगळीकडे वापरायचा मोह होतोय, कारण नग फक्त तीनशे आहेत आणि खरेदी सोपी पडते. तुम्ही काय वापराल?

भोसरीकर
मोह आवरा. चारही जागांवर येणारा जोर वेगवेगळ्या दिशेचा आहे, मग एकच प्रकार कसा चालेल?

वेल्क्रोचंच घ्या. दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकवायचा प्रयत्न केलात तर माणूस लोंबकळेल इतकी पकड मिळते. तीच पट्टी कोपऱ्याला धरून सोलायला गेलात तर लहान मूलही काढेल. कारखान्यात याला शिअर आणि पील म्हणतात. आधीच्या माणसाने मुख्य तोंडावर झडप लावून वेल्क्रो मारला असणार. पिशवी भरली की तोंड फुगतं आणि जोर नेमका सोलायच्या दिशेने येतो. त्यात दोष वेल्क्रोचा नाही, जागेचा आहे.

वेल्क्रोकडून जड काम करून घ्यायचं तर पट्टा डी-रिंगमधून ओवून परत स्वतःवरच चिकटवायचा. जोर सरकण्याच्या दिशेने येतो, आणि पट्टा रिंगमधून दुमडल्यामुळे वेल्क्रोवर साधारण निम्माच पडतो. गुडघ्याचे पट्टे, बीपीच्या यंत्राचा कफ, सगळीकडे शिअरवरच काम चाललेलं असतं. कफ नीट बघा: आतून हवा कितीही दाबली तरी सुटत नाही, आणि सोलला की क्षणात निघतो.

तर आधी प्रत्येक जागेसाठी एवढं लिहून काढा: जोर कुठल्या दिशेने, दिवसातून किती वेळा उघडणार, एक हात मोकळा की दोन्ही, फटीत काय शिरणार. मग प्रकार निवडू.

शिवणटिपण
भोसरीकरदादांच्या यादीत एक भर: तुटलं तर मोखाड्यात कोण दुरुस्त करणार?

मी बॅगा शिवते. धारावीत काम शिकले, आता सांगलीत स्वतःचं युनिट आहे. माझ्या हिशेबात मुख्य तोंडाला चेनच. गावातल्या कुठल्याही शिंप्याला किंवा चांभाराला रनर बदलता येतो. बक्कल तुटलं तर तसंच बक्कल तिथे मिळेल याची खात्री नाही. टिचबटण उखडलं तर कापडालाच भोक पडतं.

पण चेन म्हणजे दुकानदार देईल ती नव्हे. तीन जाती आहेत: कॉइलची (दिसायला दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी), प्लास्टिकच्या सुट्या दातांची आणि धातूची. पिशवीला कॉइल घ्या, नंबर ८ किंवा १०. नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. ५ नंबर पुढच्या कप्प्याला पुरेल, मुख्य तोंडाला नाही. कॉइलचा मोठा गुण असा की मध्येच उसवली तर रनर मागे नेऊन परत पुढे आणला की बहुतेक वेळा जागेवर बसते. सुट्या दातांच्या चेनचा एक दात निखळला की ती चेन संपली. शिवाय कॉइल कोपऱ्यावर छान वळते, दातांची ताठ राहते.

बिघडतो तो जास्त करून रनर. धूळ-वाळू त्यात अडकते, आतून झिजतो, फट वाढते आणि मग रनर पुढे जातो पण मागे दात उघडेच. लोक म्हणतात चेन खराब झाली. पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलक्या दाबल्या की महिना-दोन महिने निघतात, मग रनर बदलायचाच. म्हणून चेन रोलमधली घ्या, रनर सुटे घ्या आणि प्रत्येक दहा पिशव्यांमागे दोन-चार जादा रनर त्या संस्थेला देऊन ठेवा. काही रुपयांचं काम आहे.

दोन रनर समोरासमोर लावा, तोंड कुठूनही उघडता येतं. आणि रनरला दोरीची गाठ नाहीतर निवारीचा लांब तुकडा बांधा, ओल्या बोटांनी धातूची इवलीशी जीभ सापडत नाही.

नुसताच_वाचक
वाचतोय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).
ते वेल्क्रो नासाने शोधलं ना? मग पावसात कसं काय हरतं?

अटलांटावासी
@नुसताच_वाचक, नाही हो, हा गैरसमज इथे अमेरिकेतही पसरलाय. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर. १९४१ मध्ये आल्प्समध्ये फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आपल्या माळावरच्या लांडगा नावाच्या झुडपाच्या बोंडांना असतात तसेच आकडे त्यांना होते. अमेरिकन पेटंट १९५५ मध्ये मिळालं. नासाने नंतर अपोलो यानांत भरपूर वापरलं, म्हणून श्रेय तिकडे गेलं.

मधल्या वर्षांत खरी डोकेफोड आकडे तयार करण्याची होती. नायलॉनचे फासे विणायचे, उष्णतेने त्यांचा आकार पक्का करायचा आणि मग प्रत्येक फासा एका बाजूने कापायचा, म्हणजे आकडा तयार होतो. मऊ बाजूचे फासे कापत नाहीत.

धाग्याच्या कामाची गोष्ट अशी: अमेरिकन लष्कराच्या गणवेशात पँटच्या मोठ्या खिशांना वेल्क्रो होता. अफगाणिस्तानातल्या धुळीने आकडे भरून जायचे, म्हणून २०१० च्या सुमारास तिथे पुन्हा साधी बटणं आली. मोखाड्याच्या उन्हाळ्यातल्या धुळीचा विचार करा.

भोसरीकर
पाऊस आणि वेल्क्रोचं उत्तर राहिलं. बाजारात मिळतो तो बहुतेक नायलॉनचा. नायलॉन पाणी पितं आणि ओलं असेपर्यंत पकड बरीच खाली येते, निम्म्यावरही जाऊ शकते. वाळलं की परत येते. पॉलिएस्टरचा वेल्क्रो पाणी फारसं पीत नाही आणि उन्हातही जास्त टिकतो, मात्र उघडझाकीला नायलॉनइतका चिवट नाही. चांगल्या नायलॉन वेल्क्रोला उत्पादक १०,००० वेळा उघडझाक सांगतात. म्हणजे बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या आणि क्वचित उघडणाऱ्या जागी पॉलिएस्टर, आत कोरड्यात सतत उघडणाऱ्या जागी नायलॉन.

शिवणटिपण
वेल्क्रोची एक अडचण पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. आशाताई साडी नेसतात किंवा ओढणी घेतात. खरखरीत बाजू उघडी राहिली की पदराचे धागे ओढले जातात. एकदा साडीला धागा निघाला की ती बाई त्या पिशवीला पुन्हा हात लावणार नाही. त्यामुळे कुठेही वेल्क्रो लावलात तर खरखरीत बाजू आतल्या अंगाला, मऊ बाजू बाहेरच्या. आणि मऊ पट्टी थोडी मोठी ठेवा, म्हणजे घाईत तिरकं बंद केलं तरी आकडे उघडे पडत नाहीत. कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा तिथूनच उचलायला लागतो.

आणि मागे गोंद असलेला वेल्क्रो कृपा करून शिवायला देऊ नका. सुईला गोंद लागतो, टाके सुटतात, दर थोड्या वेळाने सुई पुसत बसावं लागतं. शिवायचा वेगळा मिळतो, पुण्यातल्या बोहरी आळीत रोलने घ्या.

सह्यभटका
एवढ्या पावसात चेन? तुम्ही कधी जुलैत हरिश्चंद्रगडावर गेला आहात का? चेन कितीही ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकली तरी तिच्या कापडी पट्टीवर नुसता पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर असतो. नवी असताना पाणी अडवते, घड्या पडून थर तडकला की झिरपायला लागते. रनरच्या तोंडाशी तर पहिल्या दिवसापासून फट असते.

माझं मत: गुंडाळायचं तोंड. ट्रेकर वापरतात ती ड्राय बॅग. तोंडाच्या कडा जुळवायच्या, तीन-चार घड्या घालायच्या आणि दोन टोकं बक्कलने जोडायची. पाणी आत जायला रस्ताच उरत नाही. मोडायला एक बक्कल सोडून काही नाही. नोंदवह्या भिजल्या तर सगळ्या भेटींची माहिती गेली, हे विसरू नका.

शिवणटिपण
@सह्यभटका, ट्रेकर दिवसातून दोनदा सॅक उघडतो. या बाई घरोघरी उघडतात. प्रत्येक घरी चार घड्या सोडा, बक्कल काढा, आतलं शोधा, परत घड्या घाला. तिसऱ्या घरापासून घड्या घालणं बंद होईल आणि मग उघड्या तोंडातून सरळ पाणी. बंद न केलेल्या ड्राय बॅगेपेक्षा बंद केलेली साधी चेन बरी.

सह्यभटका
मान्य, पण अर्धंच. चेन लावा, पण वरून पाऊस अडवणारी झडप हवी. चेनच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना किमान बोटभर पुढे यावी. ट्रेकिंग सॅकच्या टोपणासारखी पूर्ण वरून आली तर उत्तम. आणि नोंदवह्या आतल्या वेगळ्या गुंडाळीच्या पिशवीत. ती दिवसातून क्वचितच उघडेल.

शिवणटिपण
आतल्या पिशवीबद्दल हरकत नाही. झडप मात्र उन्हाळ्यात मागे दुमडून ठेवता यायला हवी, नाहीतर ती कात्रीने कापून टाकतील. मी बघितलंय असं, दप्तरांच्या झडपांचं पोरं हेच करतात.

डॉ_सुगरण
मी आदिवासी भागात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं बोलते.

बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. झोपडीत एकच खोली, चूल पेटलेली, बाळ बहुधा झोपलेलं. तिथे वेल्क्रोचा तो ‘खर्रर्र’ आवाज झाला की बाळ दचकून उठतं, रडतं. मग श्वास मोजायचे कसे? पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे असतात, रडणाऱ्या बाळाचे मोजताच येत नाहीत. त्यामुळे पुढच्या कप्प्याला वेल्क्रो नकोच. टॉर्च आणि थर्मामीटर निमूटपणे निघाले पाहिजेत.

दुसरं, बऱ्याचदा एका हातात बाळ किंवा झोळी असते. कप्पा एका हाताने उघडता आला पाहिजे. बंद करायला दोन हात लागले तरी चालतील.

भोसरीकर
हे माझ्या यादीत नव्हतं. आवाज. लिहून घेतलं.

नवा_संशोधक
मग चुंबक लावा की! महागड्या पर्सला असतात तसे. एका हाताने उघडतं, आपोआप बंद होतं, आवाज नाही. निओडिमियम चुंबक आता स्वस्तात मिळतात.

भोसरीकर
चुंबकाची पकड सरळ ओढण्याच्या दिशेने चांगली, सरकवायच्या दिशेने फार कमी. कप्पा भरला की झडप तिरकी सरकून सुटणार. लोखंडाचा बारीक भुगा, सुया, पिना, सगळं त्याला चिकटतं. निओडिमियम तसं गंजकं असतं, वरचा निकेलचा थर खरवडला की आतून भुसभुशीत होतं. जर्मनीची फिडलॉक कंपनी यावर सुंदर तोड काढते: चुंबक फक्त दोन भाग जागेवर आणतो, जोर घेतो तो यांत्रिक खटका. पण तीनशे नगांच्या बजेटमध्ये ते बसणार नाही.

डॉ_सुगरण
माझ्याकडूनही नको. पेसमेकर असलेल्या माणसापासून असे चुंबक किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात आणि पिशवी तर छातीशी कवटाळून नेली जाते. त्याहून मोठी भीती लहान मुलांची. शिवण उसवून दोन चुंबक बाहेर पडले आणि मुलाने गिळले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून ते एकमेकांना धरतात आणि मधलं आतडं सडतं. ही शस्त्रक्रियेची वेळ असते.

नवा_संशोधक
बापरे. मागे घेतो.

खाडीकाठ
मालवणातून. टिचबटणांबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. आमच्याकडे होड्यांवरच्या ताडपत्र्या आणि गाड्यांची कव्हरं यांना चालतात तीच, फक्त खारी हवा खोट्या मालाला सोडत नाही.

खरेदीला जाताना खिशात एक चुंबक न्या. बटण चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड, वरून नुसता मुलामा. एका पावसात गंज, आणि गंजाचा डाग कापडातून जात नाही. पितळेचं चिकटत नाही. टोपी पितळेची आणि आतला भाग लोखंडी असंही विकतात, त्यामुळे चारही भाग तपासा: टोपी, खोबणी, खुंटी आणि मागची नळी.

बटण बसवताना नुसत्या कापडाला भोक पाडून ठोकू नका. मागे रेक्झिनचा नाहीतर दुहेरी निवारीचा तुकडा द्या. कापड फाटतं ते बटणाच्या कडेलाच.

पण बटण बंद करायला मागून टेकू लागतो. मऊ पिशवीवर दाबलं की बटण आतच जातं, बसत नाही. जी जागा आतून कडक आहे तिथेच लावा.

शिवणटिपण
पुढच्या कप्प्याला मग असं करता येईल: मागे पातळ प्लास्टिक शीट घालून कप्पा कडक करायचा, झडपेला एकच टिचबटण, २४ लाईनचं. ४० लाईन म्हणजे एक इंच, तर २४ म्हणजे साधारण १५ मिमी. पाठीला ताठ शीट असल्याने एका अंगठ्याने दाबलं तरी बसेल. उघडायला झडपेच्या टोकाला निवारीची जीभ. आवाज फक्त ‘टच’.

आतल्या स्प्रिंगवरून दोन प्रकार येतात: गोल कडीची आणि एस आकाराची. एस वाली हलकी उघडते. जाड कडीचं बटण उघडताना झडपच ओढली जाते.

डॉ_सुगरण
‘टच’ चालेल.

निवांत
थोडं अवांतर. आमच्या घरी खिडक्यांना डासांच्या वेल्क्रोवाल्या जाळ्या आहेत. दर वर्षी वरून सुटतात. तिथे काय चुकतंय?

भोसरीकर
@निवांत, तिथे वेल्क्रो सुटत नाही, त्यामागचा गोंद सुटतो. नीट बघा, पट्टी जाळीसकट येत असेल. भिंतीच्या रंगावर लावलीत तर गोंद रंगाला चिकटतो आणि रंग भिंतीपासून सुटतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर लावा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा, वाळू द्या, जोरात दाबून लावा आणि तीन दिवस जाळी अडकवू नका. असा गोंद हळूहळू पकडतो, पूर्ण पकडायला बहात्तर तास लागतात. लोक पट्टी लावून लगेच जाळी ताणून बसवतात, तिथेच सगळं बिघडतं.

आता आरेखकांच्या डबीकडे येतो, कारण गोंदाचा प्रश्न तिथेही आहे. डबी कशाची आहे? पीपी (पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक) असेल तर साधा गोंद तिच्यावर टिकणार नाही, आधी प्रायमर मारावा लागतो. एबीएस (कडक प्लास्टिक) असेल तर ठीक.

आरेखक
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. डबी एबीएसची आहे, आमचाच साचा, अजून बदल करता येईल. डबी पिशवीत बसवायला मी थ्रीएमच्या ड्युअल लॉकचा विचार करत होतो. त्याची पकड वेल्क्रोपेक्षा कितीतरी घट्ट असते ना?

भोसरीकर
घट्ट असते, पण कुठे? ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्युअल लॉकमध्ये आकडे-फासे नसतात. दोन्ही पट्ट्यांवर छत्रीसारख्या टोपीच्या बारीक खुंट्या असतात, त्या एकमेकींत ‘कटकन’ अडकतात. एका चौरस इंचात १७०, २५० किंवा ४०० खुंट्या. २५० ला २५० जोडता येते, ४०० ला १७० किंवा २५०. ४०० ला ४०० नाही, खुंट्यांना शिरायला जागाच राहत नाही. बंद केल्यावर हलत नाही, खडखडत नाही, म्हणून गाड्यांच्या आतल्या पॅनलना वापरतात. उघडझाक मात्र हजाराच्या आसपास धरा, वेल्क्रोच्या दशांश.

ते कडक पृष्ठभागाला कडक पृष्ठभाग जोडायचं साधन आहे. तुमची एक बाजू कापडाची. कापड वाकलं की पट्टी कडेपासून सोलली जाते आणि गोंद कापडावर धरतही नाही. डबीसाठी आत नुसता घट्ट कप्पा शिवा, तोंडाला रुंद इलॅस्टिक. धुताना डबी खेचून काढायची. तिथे बंद करायचं साधन लागतंच कशाला?

आरेखक
खरंय. एक खर्च वाचला. आणि सेलचं झाकण? मी सध्या बोटाने दाबून उघडायचा खटका दिलाय, टीव्हीच्या रिमोटला असतो तसा. नमुन्यात दोन खटके तुटले.

भोसरीकर
मापं द्या.

आरेखक
खटक्याची जीभ १० मिमी लांब, २ मिमी जाड, नाक (टोकाचा अडकणारा उंचवटा) १.५ मिमी बाहेर.

भोसरीकर
तुटणारच. साध्या सरळ जिभेचं गणित असं: ताण (म्हणजे वाकताना प्लास्टिक किती ताणलं जातं) = १.५ × जाडी × नाकाची उंची ÷ लांबीचा वर्ग. तुमच्या मापांनी १.५ × २ × १.५ ÷ १०० = ०.०४५, म्हणजे साडेचार टक्के. एकदाच दाबून कायमची बसवायची असती तर एबीएसने सोसलंही असतं. वारंवार उघडायच्या खटक्याला एकदाच सोसता येणाऱ्या ताणाच्या मर्यादेच्या साधारण ६० टक्केच धरायचे, हा जुना दंडक आहे.

जीभ २० मिमी करा. लांबी दुप्पट, तर ताण चौथाई: सव्वा टक्क्याच्याही खाली. जागा नसेल तर जीभ यू आकारात वळवा. मुळाशी चौकोनी कोपरा ठेवू नका, जाडीच्या निम्मी गोलाई द्या. आणि नमुना थ्रीडी प्रिंटचा होता का? जीभ उभी छापली असेल तर थरांच्या जोडावरच तुटते, त्यावरून साच्यातल्या मालाचा निकाल लावू नका.

अटलांटावासी
थांबा. यंत्रात सेल कुठला आहे? बटणासारखा चपटा असेल तर बोटाने उघडणारं झाकण देऊच नका. इथे २०२२ मध्ये रीझचा कायदा आला. एका लहान मुलीने बटण-सेल गिळला आणि ती दगावली, तिच्या नावाने हा कायदा आहे. अशा सेलचं झाकण स्क्रू ड्रायव्हर किंवा नाण्यासारख्या हत्याराशिवाय उघडता येऊ नये, किंवा दोन वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागाव्यात, अशी अट आहे. स्क्रू सैल केल्यावरही झाकणालाच अडकून राहिला पाहिजे. तुमच्यावर हा कायदा लागू नाही, पण घरात रांगती मुलं तिथेही आहेत.

डॉ_सुगरण
+१. गिळलेला बटण-सेल अन्ननलिका दोन तासांत जाळायला लागतो.

आरेखक
चपटाच आहे, सीआर२०३२. मग स्क्रू. प्लास्टिकमध्ये थेट?

भोसरीकर
थेट स्क्रू चार-पाच वेळा उघडला की आटे जातात. पितळेचं इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) गरम करून बसवा, एम३ (३ मिमी स्क्रूचं) चालेल. थेटच ठेवायचा असेल तर सूचनापत्रकात लिहा: स्क्रू आधी उलटा फिरवा, ‘टक’ असं जुन्या आट्यात पडलेलं जाणवलं की मग आवळा. एवढ्याने आयुष्य कितीतरी वाढतं. पण हे कोणी वाचत नाही, म्हणून इन्सर्टच. स्क्रूचं डोकं नाण्याने फिरेल असं रुंद खाचेचं घ्या, मोखाड्यात स्क्रू ड्रायव्हर शोधत कोण बसेल?

आरेखक
तर आत्तापर्यंत जमलेलं असं: मुख्य तोंड ८ नंबर कॉइल, दोन रनर, वरून झडप. झडप धरायला २५ मिमी निवार आणि ॲसिटल या प्लास्टिकचं साइड-रिलीज (दोन्ही कडा दाबून सुटणारं) बक्कल. पुढचा कप्पा टिचबटण. डबीला इलॅस्टिकचा कप्पा, सेलला नाण्याचा स्क्रू. वेल्क्रो कुठेच उरला नाही!

डॉ_सुगरण
एक विचारायचं राहिलं. ही पिशवी पुसणार कशाने? कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी सामान हायपोक्लोराइटने (क्लोरीनवाल्या ब्लीचने) पुसायची सवय लागली आहे. एक टक्क्याचं द्रावण, कधी त्याहून कडक, मोजून कोणी करत नाही.

भोसरीकर
हे आधी सांगायला हवं होतं, डॉक्टर! क्लोरीन ॲसिटलला खातं. बक्कल वरून पांढरं, खडूसारखं होतं आणि एक दिवस कडकन तुटतं. नायलॉनलाही सोसत नाही. पितळेचं बटण काळं पडेल. पीपी टिकतं, पॉलिएस्टर बऱ्यापैकी.

शिवणटिपण
मग बक्कल काढूनच टाका. निवारीच्या टोकाला धातूचा जी-हूक (इंग्रजी G च्या आकाराचा आकडा) लावा, समोर निवारीचेच फासे शिवा. हूक फाशात अडकवायचा, बस. खटका नाही, स्प्रिंग नाही, एका हाताने निघतो. स्टीलचा घेतला तर पुसल्यावर साध्या पाण्याने धुवायला सांगा. दोरा पॉलिएस्टरचाच, चेनही पॉलिएस्टर कॉइलची मागून घ्या, दुकानदार दोन्हीला ‘नायलॉन चेन’च म्हणतो.

खाडीकाठ
स्टील ३०४ दर्जाचं स्टेनलेस तरी घ्या. पण क्लोरीन आणि स्टीलचंही फार पटत नाही, धुणं चुकलं की खड्डे पडतात. झडप धरायला लाकडी नाहीतर पीपीची गुल्ली आणि दोरीचा फास का नको? कोटाला असते तशी.

सह्यभटका
गुल्ली! थंडीत हातमोजे घालूनही लागते. माझं मत गुल्लीला.

शिवणटिपण
गुल्लीला आवाजही नाही. दोरी तेवढी जाड घ्या, बारीक दोरी ओली झाली की गाठ पडते. आणि दोरी झडपेच्या शिवणीत नुसती घालू नका, मागे तुकडा देऊन चौकोनी टाका मारा.

आरेखक
जी-हूक आणि गुल्ली, दोन्हीचे नमुने करतो. तोवर बक्कल, बटण, चेनचा तुकडा, निवार आणि हूक एक टक्का हायपोक्लोराइटच्या बरणीत टाकून ठेवतो. भोसरीकर, सतत भिजवणं आणि रोज पुसणं यात फरक किती धरू?

भोसरीकर
सारखं धरू नका. पुसून वाळलं की द्रावण आणखी कडक होतं, बरणीत ते होत नाही. निम्मे तुकडे बरणीत, निम्मे रोज पुसून उन्हात ठेवा. दोन्हीकडे बक्कलवर सतत ताण राहील असं वजन टांगा, बिनताणाचं प्लास्टिक उगाच चांगलं दिसतं.

शिवणटिपण
आणि पॉलिएस्टर कॉइलचा रोल हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. किमान खरेदी शंभर मीटरची असते, तुम्हाला तेवढी लागणार नाही. उरलेली मी घेईन.